ड्युटीचा ड्रेस घरी न्यायचा की नाही? (लातूर भागातल्या एका सिस्टरचा प्रश्न)

वार्ड नंबर चार

नमस्कार मंडळी. मी स्टाफ नर्स आहे, लातूर जिल्ह्यात. चौदा वर्षं झाली या कामात. आधी खाजगीत होते, आता कंत्राटी म्हणून आहे. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. जे सांगायचंय ते एकट्या आमच्याकडचं नाही, म्हणून मुद्दाम धागा काढतेय.

मागच्या महिन्यात माझी नाईट होती. पहाटे साडेपाचला एका आजोबांच्या पायाचं ड्रेसिंग केलं. शुगरचा पाय, पू भरपूर. पट्टी सोडवताना पाय हलला आणि माझ्या कुडत्याला कमरेपाशी डाग लागला. ग्लोव्हज होते, प्लास्टिकचा अॅप्रन संपला होता. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं आणि पुढच्या पेशंटकडे गेले. आठला चार्ज दिला. आमच्याकडे कपडे बदलायला खोली नाही. एक स्टोअर आहे, त्यात सलाईनचे खोके. मग तोच ड्रेस, वरून स्वेटर, आणि एस.टी.

गाडीत उभं राहायलाही जागा नव्हती. शेजारी एक बाई कडेवर लेकरू घेऊन उभी होती. आठ-नऊ महिन्यांचं असेल. खड्डा आला तसं त्या लेकरानं माझा कुडता मुठीत धरला आणि कोपरा तोंडात घातला. स्वेटर तिथंच संपत होता. डाग होता त्याच बाजूला. मी ओढून घेतला तर ते रडायला लागलं आणि त्याची आई मला म्हणाली, "राहू द्या की ताई, चावत नाही ते."

मी काय सांगणार होते तिला?

घरी गेले तर माझी मुलगी पळत येऊन बिलगली. रोजच बिलगते. त्या दिवशी मी तिला दारातच थांबवलं आणि ती रुसली. तेव्हापासून डोक्यातून हे जात नाही. शिकताना आम्हाला हात धुण्याचं पन्नास वेळा शिकवलं. कपड्याचं एवढंच, की इस्त्री कडक पाहिजे आणि केसांना जाळी पाहिजे. ड्रेस म्हणजे शिस्त. तो घाण होतो आणि ती घाण कुठंतरी जाते, हे कुणी बोललंच नाही.

माझे प्रश्न सरळ आहेत. कपड्यातून खरंच आजार जातो का, की मी उगीच घाबरतेय? आणि धुवायचं तर कसं? २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी लातूरातच होते. दोन बादल्यांत अख्ख्या घराचं धुणं व्हायचं, त्यात माझा ड्रेसही. पहिल्या पाण्यात मुलीचे कपडे आणि त्याच पाण्यात माझे, हे मी स्वतः केलंय. आजही नळाला रोज पाणी येतं असं नाही. "गरम पाण्यात वेगळं धुवा" हे सांगणं सोपं आहे.

---

सूक्ष्मदर्शी

सिस्टर, धागा काढलात हे फार चांगलं केलंत. मी मराठवाड्यातल्याच एका वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो.

तुमची भीती उगीच नाही. पण ती नेमकी कुठं ठेवायची ते सांगतो.

कपड्यावर जंतू राहतात, यात वाद नाही. २००० साली अमेरिकेत एका प्रयोगात दवाखान्यात वापरतात त्या कापडांवर स्टॅफिलोकॉकस (थोडक्यात स्टॅफ) आणि एन्टरोकॉकस हे जंतू टाकून पाहिले. सुती, टेरीचा टॉवेल, सुती-पॉलिस्टर मिश्र, नुसतं पॉलिस्टर, सगळ्यांवर ते किमान एक दिवस जगले आणि काही तर नव्वद दिवसांहून जास्त. तुमच्या पेशंटच्या पायातल्या पुवात स्टॅफ असण्याची शक्यता भरपूर. म्हणजे कमरेवरचा तो डाग स्पिरिटच्या एका बोळ्यानं संपत नाही.

पण कपड्यावर जंतू असणं वेगळं आणि त्या कपड्यामुळे अमक्याला आजार झाला हे दाखवणं वेगळं. दुसरी गोष्ट सिद्ध करणं फार अवघड आहे. ब्रिटनच्या आरोग्य खात्यानं २००७ मध्ये गणवेशाचे नियम कडक केले, लांब बाह्यांचा पांढरा कोट बंद केला, कोपराखाली घड्याळ, बांगडी, बाही काही नको म्हटलं. त्याच कागदपत्रांत त्यांनी हेही मान्य केलं, की गणवेशातून थेट संसर्ग पसरतो याचा निर्णायक पुरावा नाही. मग नियम कशासाठी? कारण बाही आणि घड्याळ असलं की मनगट नीट धुतलं जात नाही. मूळ मुद्दा हाताचाच.

हात पहिले. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइसनं शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू शंभरात अठरावरून दोनाच्या आसपास आले. तेव्हा जंतू म्हणजे काय हेही कुणाला नीट ठाऊक नव्हतं. कपडा ही हाताच्या मागची गोष्ट आहे, कारण हात दिवसभर कपड्यालाच लागतो. खिसा आणि बाहीची कड ही सगळ्यात घाण ठिकाणं, हे तपासण्यांत पुन्हा पुन्हा दिसलंय. पेन काढायला खिशात हात, मोबाईल ठेवायला खिशात हात, आणि तोच हात सलाईनला.

एक गैरसमज मात्र काढून टाका. टीबी कपड्यातून येत नाही, तो हवेतून येतो. टीबी वॉर्डातून आलेल्या सिस्टरला घरात वेगळं ताट देणारी माणसं मी पाहिली आहेत. तिथं मास्क आणि उघड्या खिडक्या कामाच्या, ड्रेस जाळून काही होणार नाही.

खरजेचं वेगळं. तिचा किडा अंगाबाहेर दोन-तीन दिवस जगतो, म्हणून कपडे-अंथरुणं धुवावीच लागतात. तरी ती मुख्यतः अंगाला अंग लागूनच जाते.

---

बालाघाट

मी पेशंटचा नातेवाईक म्हणून लिहितो. वडिलांना घेऊन अकरा दिवस एका मोठ्या दवाखान्यात होतो. समोर चहाची टपरी. सकाळी राऊंड झाला की शिकाऊ डॉक्टर पोरं-पोरी पांढरे कोट घालून तिथं यायची, बाकड्यावर बसायची, आणि तोच कोट घालून परत वॉर्डात. वडिलांना जखम होती. मला बोलावंसं वाटायचं, पण डॉक्टरला आपण काय सांगणार म्हणून गप्प बसलो. आज इथं वाचून वाटतं, बोलायला पाहिजे होतं.

---

सूक्ष्मदर्शी

बालाघाट, पुढच्या वेळी जरूर बोला. विद्यार्थ्यांना तो कोट फार प्रिय असतो. गावाकडून आलेल्या पोराच्या अंगावर पहिल्यांदा कोट चढतो तेव्हा आईवडील फोटो काढतात. मला त्याची किंमत कळते. पण मी वर्गात रोज विचारतो, शेवटचा कधी धुतलात? खरं उत्तर देणारे आठ-पंधरा दिवस सांगतात. २०१५ मध्ये मंगळूरच्या एका डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं, की भारतात हे पांढरे कोट बंदच करावेत. आपल्या उकाड्यात लांब बाह्यांचा जाड कोट कशासाठी, हा प्रश्न मलाही पडतो.

दुसरी बाजूही सांगतो. २०११ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये शंभर डॉक्टरांवर अभ्यास झाला. अर्ध्यांना रोज ताजा धुतलेला अर्ध्या बाह्यांचा ड्रेस, अर्ध्यांना त्यांचा नेहमीचा कोट. आठ तासांनी दोन्हींवरचे जंतू जवळजवळ सारखेच. ताज्या ड्रेसवर तीन तासांतच निम्मे जमा झाले होते. म्हणजे सकाळी धुतलेला ड्रेस घातला म्हणून दिवसभर निर्धास्त राहता येत नाही. म्हणूनच म्हणतो, घाण उडेल असं काम असेल तेव्हा वरून प्लास्टिकचा अॅप्रन हवाच. तो संपला हे सिस्टरच्या गोष्टीतलं सगळ्यात मोठं दुखणं आहे. काही रुपयांचा अॅप्रन असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

---

जिंतूरची आशा

मी आशा आहे, आमच्या गावाकडं. लिहायला चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे दवाखान्याचं बोलायलेत. आमचा दवाखाना म्हणजे लोकाचं घर. बाळंतीण घरी आली की तिसऱ्या दिवशी, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावं लागतं. लेकराचं वजन करायचं, ताप बघायचा, नाळ बघायची. आमचा ड्रेस म्हणजे साडी. वजन करायला झोळीत लेकरू ठेवलं की वाकावं लागतं आणि पदर सुटून सरळ लेकराच्या तोंडावर पडतो. त्याच पदरानं सकाळपासून मी घाम पुसलेला असतो, कुणाच्या घरी पाणी पिऊन हात पुसलेला असतो. हे माझ्या ध्यानात कधी आलंच नव्हतं. एका बाळंतिणीच्या सासूनं दाखवून दिलं. म्हातारी म्हणाली, "माय, तुझा पदर आदी खोच, मग लेकराला हात लाव." शाळा शिकली नव्हती ती.

तेव्हापासून पदर पिनेनं पक्का करते, कमरेला खोचते. आणि पिशवीत एक धुतलेला सुती रुमाल वेगळा ठेवते, फक्त हात पुसायला.

पण बांगड्याचं काय करावं? कोपराखाली काही नको म्हणता. काचेच्या बांगड्या उतरवल्या तर आमच्याकडं काय म्हणतात ते सगळ्याला माहीत आहे. सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत मला.

---

निवृत्त मेट्रन

आशाताई, तुमचा प्रश्न मी तीस वर्षं रोज ऐकला.

ऑपरेशन थिएटरमध्ये बांगडी चालत नाही, हे सगळ्याच पाळतात. तिथं कुणी वाद घालत नाही, कारण तिथं नियम सगळ्यांना सारखा असतो. वॉर्डात मात्र "एवढ्यानं काय होतंय" म्हणून सुटतं. मी नव्या मुलींना एक करून दाखवायचे. हातावर निळी शाई लावायची, बांगड्या घालून नेहमीसारखे हात धुवायला सांगायचं. मग बांगड्या मागं सरकवल्या की खाली निळं कडं तसंच राहिलेलं दिसायचं. त्यानंतर मला बोलावं लागायचं नाही.

घरच्यांसाठी आम्ही तडजोड काढली होती. ड्युटीवर येताना बांगड्या उतरवून डबीत, जाताना परत हातात. डबीवर प्रत्येकीचं नाव. मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत. कुणाची सासू ड्युटीवर बघायला येत नव्हती. २०२४ मध्ये दिल्लीहून केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानंही अतिदक्षता, ऑपरेशन थिएटर अशा ठिकाणी कोपराखाली दागिना नको असं कळवलं आहे. आता तो कागद दाखवून सांगता येतं. "मी नाही उतरवल्या, सरकारनं उतरवायला लावल्या" असं सांगा सासूबाईंना. आणि घरभेटीला तुम्ही निदान बांगड्या कोपराकडे सरकवून, मनगटापर्यंत साबणानं चाळीस ते साठ सेकंद हात धुवा. मग लेकराला हात लावा.

वार्ड नंबर चार, तुझ्याशी थोडं कडक बोलते, मुलीसारखी आहेस म्हणून. पू लागल्यावर तू ड्रेस बदलायला हवा होतास. पण तुझ्याकडे दुसरा ड्रेस होता का? बदलायला खोली होती का? नव्हती. मग दोष तुझा नाही. ड्रेस ही बाईची खाजगी वस्तू आहे असं प्रशासनानं धरून ठेवलंय, तिथंच खोट आहे. सिरिंज घरून आणायला सांगत नाहीत, मग धुलाई घरी का?

---

ब्रदर परभणी

मेट्रन मॅडम, अगदी मनातलं बोललात. मला नोकरीला लागताना एक ड्रेस मिळाला. दुसरा मी सातशे रुपये घालून शिवून घेतला. सलग ड्युट्या लागल्या की एक वाळत असतो, एक अंगावर. पावसाळ्यात ओलसरच घालून जायचो, मांड्यांना गजकर्ण झाला होता. कायम लोकांना धुलाई भत्ता असतो, आम्हाला विचारायची सोय नाही, कारण दर वर्षी करार नवा.

---

परीटघाट

मी या कामातला नाही, पण कपड्यातला आहे. आमचं घर पिढीजात परिटाचं, अंबाजोगाईच्या बाजूचं. वडिलांकडे बरीच वर्षं एका दवाखान्याच्या चादरी आणि गाऊन यायचे. म्हणून लिहितो.

तुम्ही सगळे ड्रेस घालणाऱ्याचं बोलताय. धुणाऱ्याचं कुणी बोललं नाही. आमच्याकडे गाठोडं यायचं त्यात रक्ताच्या चादरी कोरड्या चादरींतच गुंडाळलेल्या असायच्या. एकदा वडिलांनी गाठोडं सोडून चादर झटकली आणि त्यातून सुई आली. अंगठ्यात गेली. त्यांनी चिंधी बांधली आणि काम चालू ठेवलं. कुणाची सुई, काय आजार, काही माहीत नाही. दवाखान्यात जाऊन सांगितलं तर तिथला माणूस म्हणाला, बघून घेत जा. पुढं वर्षभर आई रोज त्यांचे डोळे बघायची, पिवळे झालेत का म्हणून. देवाच्या कृपेनं काही झालं नाही.

धुण्याचं म्हणाल तर आमची जुनी भट्टी सगळ्यात पक्की. तांब्याच्या मोठ्या भांड्यात पाणी, वर सोडा लावलेल्या कपड्यांची रास, खालून जाळ. वाफ रात्रभर कपड्यातून वर चढते. पाणी लागतं थोडंच, धुण्याच्या मानानं काहीच नाही. सकाळी फक्त खळबळायचं. आता भट्ट्या कमी झाल्या, मशीन आली. पण मशीनमध्ये गार पाण्यात फिरवलेला कपडा नुसता दिसायला स्वच्छ, हे माझं मत.

---

सूक्ष्मदर्शी

परीटघाट, तुमचा प्रतिसाद मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे, परवानगी असेल तर.

वडिलांना तेव्हा मिळायला हवं होतं ते सांगतो. आज कुणाला सुई लागली तर: जखम पिळायची नाही, साबण-पाण्यानं धुवायची आणि लगेच दवाखान्यात जायचं. एचआयव्हीचं औषध जितक्या लवकर तितकं बरं, ७२ तासांच्या आतच सुरू व्हावं लागतं. हिपॅटायटीस बी चा विषाणू अंगाबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, किमान सात दिवस जगतो. त्याची लस आहे, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असे तीन डोस. ती जशी सिस्टरना, तशीच दवाखान्याचं धुणं हाताळणाऱ्या प्रत्येकाला मिळाली पाहिजे. मावशी, मामा, परीट, सगळ्यांना. रक्ताची चादर वेगळ्या, न गळणाऱ्या पिशवीत जायला हवी, आणि कुणीही ती झटकायची नाही.

भट्टीबद्दल तुमचं मत शास्त्राला धरूनच आहे. ब्रिटनच्या नियमात ६० अंशाच्या पाण्यात दहा मिनिटं हे माप दिलंय, तेवढ्यात बहुतेक जंतू जातात. वाफ तर त्याच्या कितीतरी वर.

सिस्टर, आता तुमच्या दोन बादल्यांचं. अंघोळीचं पाणी चाळीस अंशाच्या आसपास असतं, ते पुरत नाही. दोन तांबे उकळतं आणि एक तांब्या साधं पाणी घेतलं की सत्तरच्या वर जातं. डाग आधी गार पाण्यानं काढा, रक्त गरम पाण्यात घट्ट बसतं. मग झाकणाच्या बादलीत पावडर टाकून ड्रेस बुडवा, वर झाकण, पंधरा मिनिटं. हात घालू नका, काठीनं दाबा. चार-पाच लिटरमध्ये एक जोड होतो. ही बादली घरच्या धुण्यापासून वेगळी. खळबळलेलं पाणी संडासात टाकायला चालतं. कडक उन्हात पूर्ण वाळवा, गरम इस्त्री करा. ऊन आपल्याकडे फुकट आहे, पण नुसत्या उन्हावर विसंबू नका.

रक्त लागलेल्या पांढऱ्या सुती कापडाला हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं ब्लीच, चालतं. बाटलीवर पाच टक्के लिहिलं असेल तर एक भागाला नऊ भाग पाणी, अर्धा तास. रंगीत ड्रेसचा मात्र रंग जाईल. आणि हायपो कधीही संडास धुवायच्या अॅसिडसोबत एकत्र करू नका. विषारी वायू निघतो. बंद न्हाणीघरात तर अजिबात नको.

---

वार्ड नंबर चार

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. तीन आठवडे लिहिता आलं नाही, कारण इथलं वाचून मी आमच्या इन्चार्ज सिस्टरकडे गेले होते. एकटी नाही, आम्ही सात जणी आणि दोन मावशी. मेट्रन मॅडमचं ते सिरिंजचं वाक्य जसंच्या तसं बोलले. कायाकल्प, म्हणजे सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेची योजना, तिची तपासणी जवळ आली होती, त्याचाही उपयोग झाला असेल. त्यात कपड्यांची धुलाई बघतात.

स्टोअरमधले सलाईनचे खोके जिन्याखाली हलवले. खिडकीला पडदा लावला. आत एक दोरी, नऊ खुंट्या आणि झाकणाचं एक पिंप. ड्युटी संपली की ड्रेस पिंपात, घरचे कपडे अंगावर, मग गाडी. प्लास्टिकच्या अॅप्रनचा खोका आता ड्रेसिंगच्या ट्रॉलीखालीच असतो. संपत आला की जिच्या हातात शेवटचे दहा राहतील तिनं वहीत लिहायचं.

जे झालं नाही तेही सांगते. तिसरा ड्रेस कंत्राटी लोकांना मिळणार नाही असं उत्तर आलं. मावशींना तर दुसराही नाही. त्यांच्या लसीचा अर्ज दिलाय, अजून टेबलावर आहे. मी दर सोमवारी विचारते.

मुलगी आता दारात येऊन बिलगते, आणि मी तिला बिलगू देते.

परीटघाट दादा, एक विचारायचं होतं. पिंपातले ड्रेस सध्या आम्ही पाळीपाळीनं दवाखान्यातच धुतो, पण रात्रपाळीला ते होत नाही. तुमच्याकडे भट्टी अजून लागते का? आमच्यापासून अंबाजोगाई लांब नाही, दवाखान्याची गाडी आठवड्यातून दोनदा तिकडे येते.

---

परीटघाट

ताई, लागते. वडील आता बसून असतात, भाऊ आणि मी लावतो. सोमवार आणि गुरुवार. आदल्या दिवशी संध्याकाळी गाठोडं पोचलं पाहिजे. रक्ताचे कपडे वेगळ्या पिशवीत, तिला लाल दोरी बांधा म्हणजे अंधारातही ओळखू येईल. आणि पाठवण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करून बघा. वडिलांनी हे खास लिहायला सांगितलंय.